तक्त्यातली आडवी रेघ

तेलाच्या बाटलीवर मार्करनं रेघ मारायची, बाजूला तारीख लिहायची आणि सात दिवसांनी परत येऊन तेल कुठवर उतरलं ते बघायचं. दरम्यान घरात कितीजण जेवले, पाहुणा कोण आला, बाहेर खाऊन कोण आलं याची वेगळी नोंद. माणशी रोज किती तेल पोटात जातं हे काढायची ही साधी पद्धत. मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या एका खेड्यात मी अशा २३८ घरांतल्या बाटल्यांवर रेघा मारल्या, आणि त्याही दोनदा.

पहिली बाटली माझ्या घरमालकिणीची. तिला सगळा गाव 'तांतीन' म्हणतो, म्हणजे मावशी. मीही तेच म्हणू लागले. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, मधुमेह तीस वर्षांचा, आणि आयुष्यभर शिवणकाम केल्यामुळे आकडेमोड बोटांवर. तिनं रेघ मारू दिली. पण मी फॉर्मच्या कोपऱ्यात घराचा क्रमांक लिहिला तेव्हा चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "पुन्हा नंबर?"

मला काही कळलं नाही. मग तिनं देव्हाऱ्यातल्या गणपतीच्या तसबिरीमागून एक घडीचा कागद काढला. तिचा पणजोबा रत्नागिरीकडून गिरमिटावर, म्हणजे कराराच्या मजुरीवर, आलेला. पोर्ट लुईच्या बंदरात उतरलेल्या प्रत्येक मजुराला एक नंबर मिळायचा. त्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. तांतीननं तिथं खेपा घालून पणजोबाची नोंद शोधली होती. नाव गोऱ्या कारकुनानं असं काही लिहिलं होतं की तिला नीट लागत नव्हतं, मलाही लागलं नाही. नंबर मात्र स्वच्छ वाचता येत होता.

तांतीनला मराठी येतं ते आरत्यांपुरतं आणि झाखडीच्या गाण्यांपुरतं. बाकी सगळं क्रेओलमध्ये, म्हणजे फ्रेंचमधून घडलेल्या इथल्या बोलीत. मी चिपळूणची आहे हे कळल्यावर तिनं खोलीचं भाडं कमी केलं नाही, पण रोज सकाळचा चहा वरच्या मजल्यावर पाठवायला लागली. त्या चहात तीन चमचे साखर असायची. तिच्या स्वतःच्या कपात किती, हे विचारणं माझं कामच होतं.

माझा विषय कागदावर लांबलचक होता. साध्या शब्दांत सांगायचं तर एवढाच: ऊस गेला तेव्हा घरातल्या ताटाचं काय झालं? मॉरिशसची साखर १९७५ च्या करारामुळे युरोपला ठरलेल्या, चांगल्या भावानं जात असे. २००६ पासून युरोपनं तो भाव टप्प्याटप्प्यानं ३६ टक्क्यांनी उतरवला. त्याच्या आधी २००१ मध्ये आणि नंतर २००७ मध्ये साखर धंद्यातल्या कामगारांना व्हीआरएस दिली गेली. रोख रक्कम आणि घरासाठी जमिनीचा तुकडा. व्हीआरएस हा शब्द आपल्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. गिरणगावात आणि बँकांमध्ये त्या तीन अक्षरांनी काय काय झालं ते आपण पाहिलेलं आहे.

आणि हाच देश का? तर इथं धोरणाचा परिणाम डोळ्यांना दिसतो. सगळा देश सुमारे साडेबारा लाख लोकांचा, आपल्या एखाद्या मोठ्या शहरापेक्षा लहान. १९८७ मध्ये इथल्या आरोग्य मंत्रालयानं जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं पाच हजारांच्या आसपास प्रौढांची तपासणी केली. तोवर मधुमेह हा भारतीय वंशाच्या लोकांचा आजार असा समज होता. तपासणीत हिंदू, मुसलमान, क्रेओल (म्हणजे मुख्यतः आफ्रिकी वंशाचे), चिनी सगळ्यांमध्ये प्रमाण जवळपास सारखं निघालं. रक्त वेगळं, पण बदललेलं जगणं एकच. त्याच वर्षी सरकारनं एक गोष्ट केली. सर्रास वापरल्या जाणाऱ्या रेशनच्या तेलात बहुतेक पामतेल असे, ते काढून सोयाबीनचं तेल आणलं. कोणाला आहाराचे धडे दिले नाहीत, दुकानातली बाटली तेवढी बदलली. पाच वर्षांनी पुन्हा तपासणी झाली तेव्हा लोकांचं सरासरी कोलेस्टेरॉल ५.५ वरून ४.७ मिलिमोलवर आलेलं होतं. आपल्या लॅबच्या रिपोर्टच्या भाषेत, २१३ वरून १८२. ही सगळी घट तेलामुळे नव्हती, अभ्यासकांनी तिचा साधारण निम्मा हिस्सा तेलाच्या नावावर मांडला. तरी एका निर्णयानं एवढं होणं ही मोठी गोष्ट आहे. मधुमेह मात्र हटला नाही. २०२१ च्या तपासणीत पंचवीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या पाचांतल्या एकाला तो होता. पाम गेलं, साखर राहिली. साखरेच्या पेयांवर ग्रॅमच्या हिशेबानं कर बसला तो २०१३ मध्ये.

हे सगळं वाचून मी ऑगस्ट २०२३ मध्ये आले. मला वाटलं होतं, लहान देश म्हणजे लहान काम.

पहिला धडा गणिताचा. पाच टक्के इकडेतिकडे एवढ्या अचूकतेनं अंदाज बांधायचा असेल तर १४० कोटींच्या देशात ३८४ माणसं निवडावी लागतात. साडेबारा लाखांच्या देशातही ३८४च. पातेलं लहान असो की मोठं, भात शिजला का ते बघायला शितं तितकीच लागतात. म्हणजे खर्च मोठ्या देशाएवढा, पण तो उचलायला माणसं आणि पैसा लहान देशाचा. आणि खाली गावात उतरलं की गणित आणखी विचित्र होतं. आमच्या गावात सुमारे सहाशे घरं. सूत्रानं सांगितलं, २३४ घरं घ्या. म्हणजे जवळजवळ प्रत्येक अडीच घरांमागे एक. त्याला नमुना म्हणायचं, पण खरं तर तो अर्धा गावच असतो. शेजारच्या घराला प्रश्न विचारले आणि आपल्याला नाही, हे प्रत्येकाला दिसतं. 'त्यांच्यात काय खोट निघाली?' असं मला रस्त्यात थांबवून विचारलेलं आहे.

परवानगीला तीन महिने लागतील असं धरून मी घरूनच अर्ज केला होता, लागले पाच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. नीतिमत्ता समितीनं जे प्रश्न विचारले ते नंतर माझ्या कामी आले. त्यातला एक होता, 'तुमच्या तक्त्यांत सगळ्यांत लहान आकडा किती असेल?' मी उत्तर दिलं, पाचाहून कमी आकडा छापणार नाही, तिथं आडवी रेघ देईन. पाठ्यपुस्तकातलं उत्तर होतं. मान्य झालं. त्या उत्तराचा अर्थ मला दीड वर्षानं समजला.

प्रश्नावलीचं क्रेओल करताना दोन मदतनीस मुली माझ्याबरोबर होत्या, दोघी त्याच तालुक्यातल्या. क्रेओलमध्ये तू आणि तुम्ही असा फरक आहे, 'तो' आणि 'ऊ'. मी शिकले ते मित्रांच्या बोलण्यातलं 'तो'. पहिल्याच दिवशी एका आजोबांना तसं विचारल्यावर त्या मुलींनी मला घराबाहेर आणून झापलं, आणि बरोबर केलं. त्यानंतर 'की कालिते देल्विल ऊ सर्वी', तुम्ही कोणतं तेल वापरता, हे वाक्य मी झोपेतही अचूक म्हणू शकत होते.

पण मोठी चूक दालपुरीत झाली. काल दिवसभरात काय काय खाल्लं ते विचारायचं, घरातलीच वाटी आणि घरातलाच चमचा समोर ठेवून माप घ्यायचं, अशी पद्धत. दालपुरी इथं नाक्यानाक्यावर मिळते, आत घेवड्याची रस्सा भाजी आणि रुगाय नावाची टोमॅटोची चटणी. लोक सांगायचे, काल दुपारी एक खाल्ली, दोन खाल्ल्या. मी तसं लिहीत गेले. तिसाव्या घरानंतर एका मदतनीस मुलीनं फॉर्म चाळले आणि म्हणाली, दीदी, दालपुरी जोडीनंच मिळते. 'एक' म्हणजे दोन. तीस घरांचं पीठ मी निम्मं धरलं होतं. त्या तीसही घरी परत गेलो. कोणी चिडलं नाही, उलट आम्हाला बसवून दालपुरी खायला घातली. अर्थात जोडी.

दोन फेऱ्या का, तेही सांगते. ऊसतोडीचा हंगाम साधारण जून ते डिसेंबर, त्याला 'कूप' म्हणतात. उरलेले महिने 'आंत्रकूप', दोन तोडींच्या मधला काळ. जी घरं अजून उसावर आहेत त्यांचं ताट या दोन काळांत वेगळं असतं. एकाच हंगामात मोजलं तर निम्मंच खरं हाती लागतं. त्यातही दिवस निवडून जावं लागतं. गणेश चतुर्थीला इथं देशभर सार्वजनिक सुट्टी असते. तिच्या दुसऱ्या दिवशी 'काल काय खाल्लं' विचारून उपयोग नाही, सगळ्यांच्या फॉर्मवर मोदक येतील.

पहिली फेरी नोव्हेंबरअखेर संपली. दुसरी जानेवारीत सुरू करायची होती. १५ जानेवारी २०२४ ला बेलाल चक्रीवादळ बेटाजवळून गेलं. पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या पाण्यात तरंगत एकमेकींवर आदळताना सगळ्यांनी फोनवर पाहिल्या. आमच्याकडे वारा होता, वीज नव्हती. त्या दिवशी संक्रांत. मी चिपळूणहून आणलेल्या तिळाचे लाडू आदल्या रात्री वळून ठेवले होते. तांतीननं एक मागितला, मी दिला. तिची शुगर मला तोंडपाठ होती तरी दिला. खिडक्या बंद करून अंधारात आम्ही दोघी बसलो होतो आणि ती तिळगूळ चघळत सांगत होती की १९६० च्या कॅरोल वादळात त्यांच्या झोपडीचं छप्पर उडून उसाच्या शेतात पडलं होतं, त्यानंतर सिमेंटची घरं आली.

पाणी ओसरलं आणि त्या उन्हाळ्यात डेंगी वाढला. आरोग्य खात्याची माणसं गल्लोगल्ली फवारणीला आली. ती घरातून बाहेर पडेपर्यंत मी फाटकात थांबायचे, मग त्याच थकलेल्या बाईला तेलाची बाटली दाखवायला सांगायचे. ज्या रोनाल्ड रॉसनं सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधला, तो १९०७ मध्ये याच बेटावर मलेरिया मोजायला आला होता. तेव्हापासून इथल्या लोकांच्या दारात कोणी ना कोणी वही घेऊन उभं आहेच. मला हे फाटकात उभं असताना जाणवलं, पुस्तक वाचताना नाही.

सगळ्यांत जास्त जाणवलं ते किनाऱ्याकडच्या गल्लीत. २००७ ची व्हीआरएस घेतलेले बरेच पुरुष मासेमारीकडे वळले होते. प्रवाळाच्या कड्याआतलं उथळ शांत पाणी, त्याला लागों म्हणतात, ते त्यांचं नवं शेत. मग २५ जुलै २०२० ला वाकाशिओ हे मालवाहू जहाज पॉइंट देस्नीजवळच्या प्रवाळावर चढलं. ६ ऑगस्टला त्यातून तेल वाहू लागलं, सुमारे हजार टन. लोक सरकारची वाट बघत थांबले नाहीत. उसाचं पाचट कापडात भरून त्याचे लांब तरंगते बांध शिवले आणि पाण्यात सोडले. न्हाव्यांकडून कापलेले केस गोळा केले. तांतीननं तेव्हा चार दिवस मशीनवरून पाय काढला नव्हता. ज्या उसानं त्या पुरुषांना घरी बसवलं होतं, त्याचंच पाचट त्यांचं पाणी वाचवायला कामी आलं. पण लागोंमधली मासेमारी बंद झाली, आणि घरातला मासा गेला. माझ्या फॉर्मवर त्या गल्लीत ताज्या माशाच्या जागी डब्यातल्या सार्डिन, नूडल्स आणि पाव दिसत होता, मासेमारी पुन्हा सुरू होऊन बराच काळ झाल्यावरही. सवय मोडली की मोडली.

तिथल्या एका कोळ्यानं मला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "तुम्ही कितव्या?" तेल सांडल्यापासून त्याच्याकडे अभ्यासकांची रांग लागली होती. कोणी मासे नेले, कोणी वाळू नेली, कोणी त्याचं बोलणं रेकॉर्ड करून नेलं. परत येऊन काय सापडलं ते सांगणारं एकही नाही. मी त्याला शब्द दिला की मी येईन. शब्द देणं सोपं होतं, कारण मला तेव्हा वाटत होतं की परत येऊन सांगणं म्हणजे एक सभा घ्यायची आणि तक्ते दाखवायचे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मी तक्ते घेऊन परत आले. सभेच्या आदल्या रात्री तांतीनला दाखवावेत म्हणून स्वयंपाकघरात पसरले. एक तक्ता होता: 'गेल्या वर्षभरात पैसे कमी पडले म्हणून मोठ्या माणसांनी जेवण टाळलं का?' गल्लीनुसार आणि रोजगारानुसार फोड. या देशात सरकारी दवाखाना फुकट आहे, म्हाताऱ्यांना पेन्शन आहे, पोरांना आणि वृद्धांना बस फुकट आहे. त्यामुळे या प्रश्नाला 'हो' म्हणणारी घरं कमी, आणि म्हणूनच ते 'हो' सांगणं त्यांना जड गेलं होतं. काहींनी ते सांगताना बायकोला आत पाठवलं होतं. मी नियमाप्रमाणे पाचाहून लहान आकड्यांच्या जागी आडव्या रेघा दिल्या होत्या.

तांतीननं किनाऱ्याकडच्या गल्लीतल्या व्हीआरएस घरांच्या ओळीवर बोट ठेवलं. एकूण ११. 'नाही' ९. 'हो' च्या खाली रेघ.

"अकरातून नऊ गेले," ती म्हणाली, "दोन."

मग ती गप्प झाली. त्या गल्लीतली अकरा घरं तिला दारातल्या झाडांसकट माहीत होती. नऊ घरांत चूल कशी पेटते तेही माहीत होतं. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ती दोन घरं कोणती ते तिला समजलं आहे, आणि त्यातलं एक तिला आधी ठाऊक नव्हतं. तिनं नाव घेतलं नाही. कागद उलटा करून ठेवला आणि म्हणाली, "हा उद्या नेऊ नकोस, मो पिती." मो पिती म्हणजे माझं लेकरू.

मला त्या रात्री झोप आली नाही. मी एकही नियम मोडला नव्हता. समितीला दिलेला शब्द अक्षरशः पाळला होता. मोठ्या देशात अकरा घरांची एक ओळ कोणाच्या नजरेत भरली नसती. इथं एका वजाबाकीवर दोन कुटुंबांची लाज उघडी पडली असती, तीही त्यांच्याच समोर, मी भिंतीवर लावलेल्या कागदावरून. रेघेच्या शेजारची बेरीज झाकली नाही तर रेघ काहीच झाकत नाही, हे आकडेशास्त्राच्या पुस्तकात असतं. मी ते परीक्षेला लिहिलंही होतं.

सभा मी एका दिवसानं पुढे ढकलली. गल्लीनुसार सगळे तक्ते काढून टाकले. रोजगाराचे चार प्रकार होते ते दोन केले. जिथं एक आकडा झाकला तिथं वजाबाकीनं तो निघू नये म्हणून दुसराही झाकला. प्रबंधातला माझा सगळ्यांत आवडता भाग, गल्लीगल्लीतला फरक, त्यात गेला. माझ्या मार्गदर्शकांना हळहळ वाटली, मला अजूनही वाटते. त्या फरकामुळे कदाचित किनाऱ्याकडच्या लोकांसाठी काही मागता आलं असतं. म्हणून तेवढं मी वेगळ्या वाटेनं केलं: आकडे न देता, ताजा मासा परवडत नाही आणि सवयही सुटली आहे, हे त्या गल्लीतल्या लोकांनी सभेत स्वतः उठून सांगावं का, असं घरोघरी जाऊन विचारलं. चौघं तयार झाले. 'तुम्ही कितव्या' विचारणारा कोळी त्यात होता. तो तिथल्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंसमोर दहा मिनिटं बोलला, आणि त्यानं डब्यातल्या सार्डिनची आणि ताज्या माशाची किंमत माझ्या कोणत्याही तक्त्यापेक्षा नीट सांगितली.

एक काम उरलं होतं. कोणत्या नंबरचं घर कोणाचं, ती यादी दोन्ही फेऱ्या जोडून झाल्यावर नष्ट करायची असा शब्द होता. लॅपटॉपवरची पुसली. कागदावरची एकच प्रत होती, ती फाडायला मी तांतीनच्या अंगणात बसले. तिनं मला थांबवलं आणि आपला नंबर विचारला. मी यादीत बघून सांगितला.

ती आत गेली, तसबिरीमागचा कागद घेऊन आली, आणि पणजोबाच्या नंबराखाली शिवणाच्या खडूनं तो आकडा लिहिला. त्याच्यापुढे, सावकाश, शाळेत शिकलेल्या देवनागरीत, आपलं नाव.